पॅरिसचे दोन टेनर

३ ऑगस्ट १८२९ रोजी पॅरिसच्या ऑपेरात रोसिनीचं 'गियोम तेल' पहिल्यांदा रंगमंचावर आलं. मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणानं उडवणाऱ्या विल्यम टेलची ही गोष्ट आपल्याकडेही शाळेच्या वयात कानावर पडते. गाणाऱ्यांचा खरा कस मात्र टेलच्या भूमिकेत लागत नाही, आर्नोल्ड नावाच्या तरुणाच्या भूमिकेत लागतो. शत्रूच्या घराण्यातल्या राजकन्येवर त्याचा जीव जडलेला आहे आणि त्याच शत्रूनं त्याच्या म्हाताऱ्या बापाला ठार केलं आहे. ही ओढाताण रोसिनीनं इतक्या उंच स्वरांत बांधली की दोनशे वर्षं होत आली तरी आर्नोल्डचं नाव काढलं की भलेभले टेनर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक, विचारात पडतात.

पहिला आर्नोल्ड होता आदोल्फ नूरी. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. बाप याच ऑपेरात टेनर. गुरू मान्युएल गार्सिया, म्हणजे रोसिनीच्या 'सेव्हिलचा न्हावी'मधला १८१६ सालचा पहिला अल्माव्हिवा. पॅरिसच्या ऑपेरासाठी त्या दशकात जे मोठं लिहिलं गेलं, त्यातला नायक बहुधा नूरीसाठी लिहिलेला असे. ओबेरच्या 'पोर्तिचीची मुकी'तला मासानिएल्लो, मायरबेअरचा 'रोबेर', 'ह्युगनो'मधला राऊल, आलेवीच्या 'यहुदी स्त्री'तला एलेआझार हे सगळे त्याचेच. तो नुसता गात नसे. नाटकाच्या बांधणीत लक्ष घाली, संगीतकारांशी वाद घाली. एलेआझारच्या सुप्रसिद्ध गाण्याचे शब्द त्याचेच असल्याचं सांगतात. १८३० च्या जुलै क्रांतीत तो लोकांपुढे उभा राहून क्रांतिगीतं गायला. पॅरिसचा तो लाडका होता, आणि शिकलेला, मनानं हळवा माणूस होता.

आर्नोल्डचे ते उंच स्वर नूरी कसे गायचा, इथे या लेखाचा विषय सुरू होतो. त्या काळचे सगळे शिकलेले टेनर गात, तसाच तोही गायचा. एका ठरावीक उंचीपर्यंत भरदार, छातीतून आल्यासारखा वाटणारा आवाज, आणि त्याच्या वर हलका, डोक्यात घुमणारा आवाज. दोन्हींच्या मधला सांधा ऐकणाऱ्याला कळू नये यातच गायकाची सगळी विद्या होती. हा वरचा आवाज म्हणजे चोरटा, पोकळ आवाज नव्हे. त्यात तेज होतं, फिरत होती, शब्द स्पष्ट होते. फक्त वजन नव्हतं. बेलिनीच्या 'नॉर्मा'त पोलिओनेची भूमिका करायला निघालेल्या डोमेनिको दोंझेल्लीनं १८३१ साली बेलिनीला पत्र लिहून आपल्या आवाजाचा नकाशाच कळवला होता: जी या स्वरापर्यंत छातीचा आवाज, तिथून वरच्या सीपर्यंत हलका आवाज, तोही अलंकारापुरता. दोंझेल्ली दणकट आवाजाचा म्हणून प्रसिद्ध होता. त्याची ही मर्यादा, तर इतरांची काय असणार!

हा 'वरचा सी' म्हणजे नेमका किती वर, हे आपल्या कानानं समजून घेऊ. हार्मोनियमवर पांढरी एकला सा धरणाऱ्या पुरुष गायकाच्या तार षड्जाच्याही वर एक अख्खं सप्तक गेलं की हा स्वर येतो. आपले बहुतेक गवई तार पंचमापर्यंत जाऊन माघारी वळतात. टेनरला तिथून धैवत, निषाद ओलांडून पुढच्या षड्जावर उभं राहायचं असतं. या स्वराला कंठातले स्वरतंतू सेकंदाला सुमारे ५२३ वेळा उघडतात आणि मिटतात.

आता दुसरा माणूस. जिल्बेर द्युप्रे, जन्म पॅरिसचाच, १८०६ सालचा, नूरीहून चार वर्षांनी लहान. विशीच्या आत त्यानं पॅरिसच्या ओदेओं नाटकगृहात पहिलं पाऊल टाकलं. आवाज गोड पण बारीक, अंगानं बुटका. कुणी फारशी दखल घेतली नाही. तो इटलीत गेला. सप्टेंबर १८३१ मध्ये लुक्का या गावात 'गियोम तेल'चा इटलीतला पहिला प्रयोग झाला आणि आर्नोल्ड त्याच्या वाट्याला आला. त्या तालेवार स्वरांपुढे आपल्या बारीक आवाजाचा निभाव लागणार नाही हे त्याला दिसत होतं. मग, त्यानंच पुढे आठवणींत लिहिलं आहे, मनाची आणि शरीराची होती नव्हती ती सगळी ताकद एकवटून त्यानं तो वरचा सी छातीच्या आवाजात फेकला. फुटला असता तर कारकीर्द तिथेच आटोपली असती. तो फुटला नाही.

इटलीत त्याचं नाव झालं. २६ सप्टेंबर १८३५ रोजी नेपल्सच्या सान कार्लोत दोनिझेत्तीचं 'लुचिया' आलं. त्यातला एदगार्दो द्युप्रेसाठीच लिहिलेला. लुचियाचा वेडाचा प्रवेश जगभर गाजला, पण या ऑपेराचा शेवट त्या प्रवेशावर होत नाही. त्यानंतर स्मशानात एकटा एदगार्दो येतो, गातो आणि मरतो. पडदा टेनरच्या मरणावर पडतो. नायिकेच्या मोठ्या गाण्यानं शेवट करण्याची त्या काळची रीत मोडून दोनिझेत्तीनं शेवटचा शब्द या नव्या आवाजाला दिला. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

पॅरिसच्या ऑपेराच्या व्यवस्थापनानं द्युप्रेला बोलावणं धाडलं. नूरीच्या बरोबरीचा पहिला टेनर म्हणून. नूरीनं आधी मान डोलावली, मग त्याचा धीर सुटला. १८३७ चा मार्च महिना त्या रंगमंचाला वाईटच गेला. नूरीची शिष्या कॉर्नेली फाल्कों, 'यहुदी स्त्री'तली पहिली राशेल, त्याच्यासोबत 'स्त्रादेल्ला'त गात असताना तिचा आवाज अचानक बसला. नूरीनं आपली ओळ म्हटली. तिनं उत्तरासाठी तोंड उघडलं आणि स्वरच उमटेना. ती तेवीस वर्षांची होती. तिचा आवाज पुढे कधीच पूर्ववत झाला नाही, मात्र त्या जातीच्या आवाजाला फ्रेंच लोक आजही 'फाल्कों' म्हणतात. १ एप्रिलला नूरीनं निरोपाचा प्रयोग केला आणि ऑपेरा सोडलं. १७ एप्रिलला द्युप्रे आर्नोल्ड होऊन उभा राहिला.

चौथ्या अंकात आर्नोल्ड बापाच्या ओसाड घरापाशी येतो. आधी संथ विलाप, मग सूडासाठी साथीदारांना दिलेली हाक, आणि त्या हाकेत एकामागून एक वरचे सी. पॅरिसनं हे गाणं नूरीच्या तलम आवाजात ऐकलं होतं. आता तेच स्वर पूर्ण वजनानिशी येऊन कानावर आदळले आणि प्रेक्षागृह वेडं झालं. ज्याच्या लेखणीतून ते स्वर उतरले, त्या रोसिनीला मात्र ते मुळीच रुचलं नाही. द्युप्रे त्याच्या घरी गाऊन थांबल्यावर, आपली व्हेनिसची काचेची भांडी शाबूत आहेत ना, हे त्यानं आधी पाहिलं, असा किस्सा आहे. मान कापल्या जाणाऱ्या कोंबड्याच्या किंकाळीशी त्यानं त्या सीची तुलना केल्याचंही सांगतात. रोसिनीचा कान जुन्या शाळेचा होता. पण ती शाळा काय होती हे माहीत असलेला माणूसही तोच होता, म्हणून त्याचं म्हणणं सहज झटकून टाकावंसं वाटत नाही.

द्युप्रेनं नेमकं केलं काय? स्वरतंतू म्हणजे कंठातल्या दोन लवचीक घड्या. खालच्या स्वरांना त्या जाड आणि सैल असतात, पुरत्या रुंदीनं एकमेकींवर आपटतात. तो छातीचा आवाज. वर जाताना दुसरा स्नायू त्यांना ताणून पातळ करतो, मग फक्त कडा थरथरतात. तो डोक्याचा आवाज. द्युप्रेनं घड्यांचा जाडपणा शक्य तितका राखून त्यांना उंचीवर नेलं. त्यासाठी श्वासाचा दाब खूप वाढवावा लागतो. शिवाय एरवी स्वर चढला की कंठमणीही वर सरकतो. यानं तो खालीच दाबून धरला, त्यामुळे आवाजाला गडद रंग आला. लियाँच्या दिदे आणि पेत्रकँ या दोन डॉक्टरांनी १८४० साली या नव्या प्रकारच्या आवाजावर शोधनिबंधच लिहिला. गाण्याची एक शैली वैद्यकाच्या मासिकात चर्चेला यावी, इतका तो बदल लोकांना विलक्षण वाटला होता.

गाणाऱ्या कंठाच्या आत नीट डोकावायचं साधन तोवर कुणाकडे नव्हतं. ते शोधलं एका गायनशिक्षकानं, नूरीच्या गुरूच्या मुलानं. त्याचंही नाव मान्युएल गार्सिया. १८५४ साली पॅरिसच्या पाले-रॉयालच्या बागेत फिरताना काचेवरून परतलेली उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर आली आणि त्याला एकदम युक्ती सुचली. वैद्यकीय उपकरणांच्या दुकानातून त्यानं लांब दांड्याचा दंतवैद्याचा आरसा घेतला. वाफ धरू नये म्हणून तो गरम पाण्यात बुडवून पुसला, घशात पडजिभेपाशी टेकवला, आणि हातातल्या दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं. पन्नाशीला टेकलेल्या या माणसानं स्वतःचे स्वरतंतू गाताना उघडमीट करताहेत हे डोळ्यांनी पाहिलं. १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यानं ही निरीक्षणं मांडली. कान-नाक-घशाचे डॉक्टर आज जी तपासणी करतात तिचं मूळ इथे आहे. गार्सिया १०१ वर्षं जगला आणि बहुतेक आयुष्य त्यानं शिकवण्यात घालवलं. स्वीडनची येनी लिंड १८४१ मध्ये आवाज खराब करून घेऊन त्याच्याकडे आली, तेव्हा त्यानं पहिला धडा दिला तो काही आठवडे गाणं पूर्ण बंद ठेवण्याचा.

पुढचा उलगडा विसाव्या शतकात झाला. शंभर वाद्यं वाजत असताना एकटा कंठ ध्वनिवर्धकाशिवाय चौथ्या मजल्यावरच्या सज्जापर्यंत कसा पोचतो? नुसत्या मोठ्या आवाजानं नव्हे, वाद्यवृंदापुढे तेवढा जोर कुठल्याच कंठात नसतो. स्वीडिश संशोधक योहान सुंदबर्ग यांनी १९७० च्या दशकात याचं गणित मांडलं. वाद्यवृंदाची सगळ्यात जास्त ऊर्जा ४५०-५०० हर्ट्‌झच्या आसपास एकवटलेली असते, तिथून वर ती घसरत जाते. शिकलेल्या ऑपेरा-गायकाच्या आवाजात मात्र ३००० हर्ट्‌झच्या जवळपास एक ठळक उंचवटा असतो. त्या पट्ट्यात वाद्यवृंद दुबळा असतो आणि माणसाचा कान तिथेच सगळ्यात तीक्ष्ण असतो. आवाज नेमका त्या फटीतून बाहेर निघतो. हा उंचवटा येतो कुठून? कंठमणी खाली उतरून वरचा घसा ऐसपैस झाला आणि स्वरतंतूंच्या लगेच वरची नळी अरुंद राहिली, म्हणजे त्या नळीचा मार्ग घशाच्या साधारण एक षष्ठांश असला, की ती स्वतंत्रपणे घुमू लागते. डॉक्टरांना जो दाबून धरलेला कंठ १८४० साली नवलाचा वाटला होता, त्याचं फळ हे असं होतं. सोप्रानोचा, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकेचा, मार्ग मात्र वेगळा: तिचे वरचे स्वर इतके उंच असतात की तोंड मोठं उघडून तिला मुखपोकळीचा घुमारा स्वरालाच जुळवून घ्यावा लागतो. मग आ, ई, ऊ यांच्यातला फरक पुसट होतो. सोप्रानो वर गेली की शब्द कळत नाहीत, ही श्रोत्यांची जुनी तक्रार आहे. दोष मात्र तिच्या उच्चाराचा नसतो.

आवाज पोचवण्याचा हाच प्रश्न आपल्या संगीत नाटकापुढेही होता. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता, आणि पद शेवटच्या रांगेपर्यंत तर जायला हवं होतं. आपल्या गायकनटांनी पट्टी उंच धरली आणि साथ मोजकी ठेवली: तबला, सारंगी, पुढे ऑर्गन. ज्याच्याशी आवाजाला झुंजावं लागेल असं समोर काही ठेवलंच नाही. युरोपानं उलट केलं; वाद्यवृंद वाढवत नेला आणि त्याला पुरून उरेल असा कंठ घडवला.

हा कंठ त्या काळाला हवा होता, याची कारणं नुसती ध्वनीची नव्हती. त्याआधीची शंभर-सव्वाशे वर्षं इटालियन ऑपेरातले राजे आणि वीर लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुषांच्या उंच, लखलखीत आवाजात गात. ती क्रूर प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओसरली. मायरबेअरनं १८२४ साली व्हेल्लुती नावाच्या अशाच गायकासाठी लिहिलेली भूमिका ही त्या परंपरेतली शेवटची मोठी भूमिका. मधल्या काळात वीरांची कामं पुरुषवेषातल्या खालच्या आवाजाच्या स्त्रियांकडे गेली. रोसिनीचा 'तांक्रेदी' तसाच. पण स्कॉट, बायरन, ह्यूगो वाचून नाटकगृहात येणाऱ्या नव्या प्रेक्षकाला प्रेमात होरपळणारा, बंड करणारा, डोळ्यांदेखत मरणारा पुरुष हवा होता, आणि त्याचा आवाजही पुरुषाचा हवा होता. अलंकारानं नटलेली वेदना त्याला खोटी वाटू लागली. द्युप्रेच्या सीमध्ये त्याला गायकाच्या शरीराला पडणारा ताण ऐकू येत होता. आता काहीतरी तुटेल अशी धास्ती त्यात होती, आणि ती धास्तीच त्याला खरी वाटली.

ही वाट एकदा मोकळी झाली की मागे वळणं नव्हतं. 'मॅकबेथ'साठी व्हेर्दीनं १८४८ साली पत्रातून बजावलं होतं की लेडी मॅकबेथचा आवाज सुंदर असून चालणार नाही. तो घोगरा, घुसमटलेला, काळोखा हवा. सुरेल आणि देखण्या गायिकेवर फुली मारण्याचं कारण तिचा गोडवा हे असावं, असं त्याच्या शंभर वर्षं आधी कुणी म्हटलं असतं तर त्याला लोकांनी हसण्यावारी नेलं असतं. 'त्रोव्हातोरे'तल्या मान्रिकोच्या रणगर्जनेत आज प्रेक्षक ज्या वरच्या सीची वाट पाहत बसतात, तो व्हेर्दीनं लिहिलेलाच नाही. तो गायकांनी घातला, बहुधा तांबेर्लिकनं, आणि लोकांनी काढू दिला नाही. वाग्नरनं ओझं आणखी वाढवलं. 'त्रिस्तान'चा पहिला प्रयोग १० जून १८६५ रोजी म्युनिकला झाला. त्रिस्तान झालेला लुडविग श्नोर फॉन कारोल्सफेल्ड चार प्रयोग करून सहा आठवड्यांच्या आत वारला, वय एकोणतीस. मरण आजारानं आलं, पण त्या भूमिकेनं त्याचा बळी घेतला ही समजूत कायमची चिकटली. बायरॉइटला १८७६ मध्ये स्वतःचं नाट्यगृह उघडताना वाग्नरनं वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खड्ड्यात उतरवून वर आच्छादन घातलं. आपण गायकांच्या वाटेत किती मोठी भिंत उभी केली आहे याची जाण त्या रचनेत दिसते.

द्युप्रेलाही त्या सीची किंमत द्यावी लागली. दहा-बारा वर्षांत आवाज खरवडला, वरचे स्वर डगमगू लागले. त्यानं शिकवायला घेतलं, गायनावर ग्रंथ लिहिला, आठवणी लिहिल्या आणि १८९६ पर्यंत सुखानं जगला. नूरीच्या वाट्याला ते आलं नाही.

पॅरिस सोडल्यावर नूरी नेपल्सला गेला, दोनिझेत्तीकडे. द्युप्रेला जे जमलं ते आपणही शिकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. महिनोन्‌महिने तो घासत राहिला. छातीचा आवाज थोडा वर सरकला, पण वरचा तलम आवाज, ज्याच्यावर त्याची सगळी कीर्ती उभी होती, तो हातचा गेला. दोनिझेत्तीनं त्याच्यासाठी 'पोलिउतो' लिहिलं. ख्रिस्ती हुतात्म्याची कथा रंगमंचावर नको म्हणून नेपल्सच्या राजानं १८३८ मध्ये त्यावर बंदी घातली. नूरी दुसऱ्या ऑपेरांतून गायला, लोकांनी टाळ्याही दिल्या, पण त्या टाळ्यांत त्याला दया ऐकू येऊ लागली. ७ मार्च १८३९ च्या रात्री तो एका जलशात गायला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं राहत्या घराच्या वरच्या मजल्यावरून उडी टाकून जीव दिला. नुकतीच त्याला सदतीस वर्षं पूर्ण झाली होती. पुढच्या वर्षी 'पोलिउतो'ला फ्रेंच साज चढवून दोनिझेत्तीनं ते पॅरिसच्या ऑपेरात आणलं. नायकाची भूमिका केली द्युप्रेनं.

नूरीचं शव पॅरिसकडे नेताना २४ एप्रिल १८३९ ला मार्सेयच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. मायोर्काच्या हिवाळ्यात खंगलेला शोपँ तेव्हा जॉर्ज साँबरोबर मार्सेयला मुक्कामी होता. तो ऑर्गनवर बसला आणि त्यानं शूबर्टचं ताऱ्यांवरचं एक गीत वाजवलं. निवड सहज झालेली नव्हती. व्हिएन्नाबाहेर फारसं कुणी ओळखत नसलेल्या शूबर्टला पॅरिसच्या दिवाणखान्यांत आणि मैफलींत नेणारा, लिस्टच्या साथीनं त्याची गीतं फ्रेंचमधून गाणारा पहिला मोठा गायक नूरीच होता.

इथे या गोष्टीला दुसरी बाजू मिळते. ऑपेरानं जो आवाज टाकून दिला त्याला त्याच काळानं दुसरीकडे घर दिलं होतं. १९ ऑक्टोबर १८१४ रोजी सतरा वर्षांच्या शूबर्टनं गटेच्या 'फाउस्ट'मधलं चरख्यापाशी बसलेल्या ग्रेटखेनचं गीत स्वरबद्ध केलं. पियानोचा उजवा हात चाकासारखा अखंड गरगरत राहतो, डावा पायपट्टीचा ठेका धरतो. मुलगी सूत काततेय आणि तिच्या मनाला चैन नाही. फाउस्टचं चालणं, त्याचं हसणं आठवत आठवत स्वर चढत जातो, आणि त्याच्या चुंबनाच्या आठवणीपाशी पियानो थांबतो. चाक थांबलंय. तिचे हात थबकलेत हे शब्दांत कुठेच नाही, फक्त पियानोत आहे. मग चाक पुन्हा फिरायला बघतं, अडखळतं, पुन्हा प्रयत्न करतं आणि मग कुठे जुन्या लयीला लागतं. गाणं अवघं साडेतीन मिनिटांचं. ना देखावा, ना समूहगान, ना वरचा सी. तरी एका बाईचं सगळं आयुष्य उलगडतं. ऑपेराच्या चार तासांत इतकं जवळून क्वचित दिसतं, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

अशा गाण्याला ३००० हर्ट्‌झचा उंचवटा लागत नाही. खोलीत वीस-तीस माणसं, त्या काळचा लाकडी चौकटीचा हलका पियानो. इथे लागते ती शब्दाची नजाकत, स्वराच्या छटा, आणि दोन आवाजांमधला तो सांधा बेमालूम मिटवण्याची विद्या. शूबर्टचा पहिला मोठा गायक योहान मिखाएल फोग्ल हा दरबारी ऑपेराचा पन्नाशी ओलांडलेला बॅरिटोन होता. त्यानं ७ मार्च १८२१ रोजी केर्न्टनरटोर नाट्यगृहात 'एर्लक्योनिग' गायलं आणि व्हिएन्नाला शूबर्टचं नाव कळलं. बाप, आजारी पोर, भुलवणारा पिशाचराजा आणि निवेदक, चौघांचे चार आवाज एकाच कंठातून काढायचे. नाटक सगळं तिथे होतं. शूबर्ट १८२८ साली एकतिसाव्या वर्षी वारला तेव्हा त्याच्या नावावर सहाशेच्या वर गीतं होती. शूमाननं एकट्या १८४० या वर्षात, क्लाराशी लग्न झालं त्या वर्षात, सव्वाशेहून अधिक लिहिली.

'सुंदर गिरणीवाली' हा शूबर्टचा वीस गीतांचा गुच्छ १८२३ सालचा. तो सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत जाहीर मैफलीत ऐकायला १८५६ साल उजाडावं लागलं. व्हिएन्नात तो गायला युलिउस श्टॉकहाउझेन, आणि तो शिष्य होता मान्युएल गार्सियाचा, त्याच आरशावाल्या गार्सियाचा. बापानं नूरीला शिकवलं, मुलानं श्टॉकहाउझेनला. नूरीनं पॅरिसच्या दिवाणखान्यात जे सुरू केलं होतं ते त्याच घराण्याच्या शिष्यानं मैफलीत रुजवलं.

नूरीच्या काळात ध्वनिमुद्रण नव्हतं, द्युप्रेचाही आवाज उरलेला नाही. त्या वळणाच्या सगळ्यात जवळचा ऐकायला मिळतो तो फ्रांचेस्को तामान्यो, व्हेर्दीच्या 'ओतेल्लो'चा १८८७ मधला पहिला नायक. त्याच्या १९०३ च्या तबकड्यांत पन्नाशीतला, तोफेसारखा आवाज आहे. द्युप्रेनं उघडलेली वाट कुठवर पोचली ते त्यातून कळतं. आर्नोल्ड ऐकायचा तर पावरोत्तीनं रिकार्दो शायीच्या संचालनाखाली सत्तरच्या दशकाअखेरीस इटालियनमध्ये ध्वनिमुद्रित केलेला ऐकावा. सगळे सी छातीचे, लखलखीत. त्यानं ही भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही, हेही लक्षात ठेवावं. आणि मग मायकल स्पायर्स या अमेरिकन टेनरचा, जर्मनीतल्या वाइल्डबाडच्या रोसिनी महोत्सवातला २०१३ चा फ्रेंच प्रयोग ऐकावा. वर जाताना तो आवाजाचं वजन उतरवतो, रंग मिसळतो, जुन्या विद्येच्या जवळ जायचा प्रयत्न करतो. ऐकताना थेट चौथ्या अंकावर उडी मारू नये. दुसऱ्या अंकात टेल आणि व्हाल्टर आर्नोल्डला बापाच्या खुनाची बातमी देतात. तिथल्या तिघांच्या प्रवेशात आर्नोल्डची आक्रोशाची ओळ वर झेपावते आणि लगेच खाली कोसळते. गायक तिथे जोर लावतो की आवाज हलका करतो, एवढंच ऐकलं तरी तो द्युप्रेच्या वाटेचा की नूरीच्या, हे ओळखता येतं.